पोटातलं पोलाद

घणाचा शेवटचा घाव बसला आणि माझ्या मनगटाला कळलं, आत काहीतरी तुटलं. आमचे मालक, म्हणजे माझा नवरा, मात्र सांडशीत धरलेली छन्नी उलटीपालटी करून खुशीत मान डोलावत होते.

चौऱ्याहत्तर साल. तीर्थपुरीच्या बाजाराच्या कडेला आमचं पाल. समोर विहिरी खोदणाऱ्या टोळीचे मुकादम तातेराव उकिडवे बसलेले. त्यांना काळ्या खडकात टिकणारी छन्नी हवी होती. बैलगाडीच्या चाकाच्या जुन्या धावेचं मऊ लोखंड खालीवर, मध्ये पोलाद, आणि तापवून ठोकून सगळं एकजीव करायचं, हे आमचं नेहमीचं काम. या खेपेला मालकांनी मध्ये ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्याचं पोलाद घातलं. ते भलतंच कडक. घणाखाली वरचं लोखंड पसरत गेलं, मधलं पसरेना. "पुन्हा तापवा," मी दोनदा म्हटलं. गिऱ्हाइकासमोर बायकोचं ऐकलं तर नाक कापलं जातं ना! लोखंडाची लाली उतरली तरी यांनी माझ्याकडून घण मारून घेतले. वरून छन्नी गुळगुळीत, आत पोलादाचे तुकडे.

आमच्या घराण्यात रीत आहे. नव्या छन्नीवर पहिला घाव गिऱ्हाइकाने घालायचा आणि छन्नी लोहाराने स्वतः दगडावर टेकवून धरायची. फुटली तर त्याच्याच तोंडावर उडते. पाणी दिल्यावर छन्नी गार झाली तसे हे दगडापाशी बसले. तातेरावांनी घण उचलला.

"थांबा मुकादम," मी म्हणाले. "अजून एक ताव द्यावा लागंल."

"गप बस!" हे खेकसले. "बिलकुल बराबर हाय. हाणा, तातेराव!"

तातेराव घुटमळले. "मच्छिंद्र, बाई काय म्हणून राह्यली?"

"काय न्हाई. हाणा तुम्ही."

असा संताप आला मला! पुढे होऊन यांच्या हातातली छन्नी हिसकावली आणि दगडाशी बसकण मारली. "घण म्या मारलाय. मंग धरणार बी मीच. हाणा, मुकादम."

यांनी माझा दंड ओढला, पण रोज घण मारणारा दंड तो, हलतोय कसला. तातेरावांनी एकदा यांच्याकडे पाहिलं आणि घण खांद्यावर घेतला. मी डोळे मिटले नाहीत. यांच्याकडेच बघत राहिले.

"न्हाई!" हे आडवे आले. "सोड ती. आत फुटलीय. मला मघाच कळलं व्हतं."

तातेरावांनी घण हळूच खाली टेकवला. "कळलं व्हतं, तर मंग सोता कामून धरून बसल्ता रे?"

तातेराव गेल्यावर मला रडू फुटलं, ते रागाचं. स्वतःचा डोळा जाईल हे ठाऊक असून हा माणूस मुकाट बसला होता, फक्त माझं म्हणणं खरं आहे हे गिऱ्हाइकासमोर कबूल करावं लागू नये म्हणून.