समोरून आलेला शब्द

“थांबा बाई. पाकिटात काय आहे?”

गेटवरच्या पहारेकऱ्याने हात आडवा केला. तिच्या काखेत दवाखान्याचं भलं मोठं खाकी पाकीट होतं. वर वडिलांचं नाव आणि खाली ठळक अक्षरांत ‘उजवा गुडघा’.

“एक्स-रे आहे, वडिलांचा. डॉक्टरांना दाखवायचाय, म्हणून लवकर निघाले.”

“बघू.”

तिने काळी फिल्म अलगद वर ओढून त्याच्या हातात दिली. त्याने ती उन्हात धरली, एक डोळा मिटून न्याहाळली. पाकिटात आता उरले होते ते नुसते कागद. प्रत्येकावर लाल शिक्का : अतिगुप्त.

“झीज झालीय की हो चांगलीच! माझ्या आईचं अस्संच. ऑपरेशनच्या भानगडीत पडू नका, सांगून ठेवतो. जिने चढणं बंद करा म्हणावं.”

“ते कुणाचं ऐकतात होय?”

“म्हातारी माणसं सगळी एकाच माळेचे मणी,” म्हणत त्याने फिल्म परत दिली आणि फाटक उघडलं.

कोपऱ्यापर्यंत ती मागे न बघता चालली. आणि मग, काय झालं कुणास ठाऊक, तिला हसूच फुटलं. पन्नाशी उलटलेली, कधी उशिरा न येणारी, कधी रजा न मागणारी बाई बसथांब्यावर एकटीच तोंडाला पदर लावून हसत होती.

ती युद्धखात्यात भाषांतरकार होती. लढाई चालली होती ती नदीपलीकडच्या देशाशी, आणि तिकडची भाषा तिला आईच्या मांडीवर मिळाली होती. आई तिकडची. कार्यालयात ती भाषा जाणणारी माणसं दोनच : ती, आणि निवृत्तीला टेकलेले एक सहकारी. त्यांना एका शब्दाचा अर्थ विचारला तर ते चार सांगत, म्हणून सगळे त्यांना ‘शब्दकोश’ म्हणत.

उन्हाळ्याच्या सुरुवातीला तिच्या टेबलावर एक निरोप आला, पलीकडच्या सरकारचा. गोळीबार थांबवू, आधी जखमींना आपापल्या घरी नेऊ, मग बसून बोलू. तिने श्वास रोखून भाषांतर केलं. संपली! लढाई संपली! घरी काही सांगायची सोय नव्हती. पण त्या संध्याकाळी ती स्वयंपाकघरात चक्क गुणगुणत होती, आणि वडील दोनदा डोकावून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी रेडिओवर मंत्री म्हणाले, “आम्ही केव्हाही बोलायला तयार आहोत. समोरून एक शब्दही आलेला नाही.”

“ऐकलंस?” वडील म्हणाले. ते स्वतः जुने सैनिक. “टाळी एका हाताने वाजत नाही. त्यांनाच नको असेल तर आपण काय करणार?”

ती धावतच कार्यालयात गेली. आपलंच काही चुकलं का? ‘बसून बोलू’चा अर्थ दुसरा काही होतो का? तिने शब्दकोशांना विचारलं. या वेळी त्यांनी एकच अर्थ सांगितला आणि मान खाली घातली.

पावसाळ्यात दुसरा निरोप आला. मंत्र्यांचं वाक्य तेच. मग तिसरा आला. त्यात मागण्या नव्हत्या, धमकी नव्हती. एवढंच विचारलं होतं : ‘आमचे आधीचे दोन निरोप आपल्याला मिळाले का?’

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ती तशीच साहेबांच्या खोलीत गेली.

“साहेब, निदान पोच तरी द्यायला हवी ना?”

साहेबांनी कागदावर आडवं लिहिलं, ‘उत्तर नको, वाच्यता नको’, आणि फाईल मिटली. “बाई, तुम्ही भाषांतर करा. अर्थ आम्ही लावतो.”

त्याच आठवड्यात ती वडिलांना घेऊन दवाखान्यात गेली. एक्स-रेच्या खोलीबाहेर बाकं भरलेली, म्हणून जखमी सैनिक जमिनीवर झोपवले होते. मिसरूड न फुटलेली पोरं. एकाने तिला पाणी मागितलं. तिने पाजलं, तर तो म्हणाला, “मावशी, थांबेल का हो हे?” तिला उत्तर ठाऊक होतं. तेच तर दुखणं होतं. परत येताना वडिलांच्या एक्स-रेचं पाकीट तिच्या हातात होतं, आणि ते चांगलं ऐसपैस होतं.

त्या दिवशी बसथांब्यावरून ती थेट वर्तमानपत्राच्या कचेरीत गेली. संपादिकाबाईंनी चष्मा कपाळावर चढवला आणि कागद टेबलावर पसरले.

“हे खरं कशावरून?”

“भाषांतर माझंच आहे. मूळ प्रती खाली आहेत. कुणालाही बोलावून ताडून बघा.”

ती भाषा शिकवणारे एक प्राध्यापक आले. त्यांनी सगळं वाचलं, पुन्हा वाचलं, आणि मान डोलावली. संपादिकाबाई ताडकन उठल्या. खुर्ची मागे कलंडली.

“पहिलं पान मोकळं करा! सगळं! जाहिरातसुद्धा काढा!”

माणसं पळायला लागली. कुणी जिन्यावरून ओरडत होतं, कुणी टेलिफोनच्या वायरीत अडकून पडलं. त्या गोंधळात ती भिंतीला टेकून उभी होती, आणि तिचं काळीज लग्नघरातल्या पोरीसारखं उड्या मारत होतं.

“तुमचं नाव कुठेही येणार नाही,” संपादिकाबाई तिचा हात धरून म्हणाल्या. “माझा शब्द.”

ती जिना उतरली. रस्त्यावर आली. आणि थबकली. खात्यात ती भाषा येणारी माणसं दोन. तिचं नाव नसेल तर संशय दोघांवर. त्या गरीब माणसाला उद्या सकाळीच उचलतील, आणि तो बिचारा विचारलेल्या प्रश्नाला चार उत्तरं देत बसेल.

ती पुन्हा जिना चढली.

“नाव छापा.”

“अहो, आयुष्याची राखरांगोळी होईल!”

“छापा. फक्त स्पेलिंग चुकवू नका. कार्यालयात नेहमी चुकवतात.”

सकाळ झाली आणि शहराला जणू कुणी गदागदा हलवलं. दुधाच्या दुकानापुढे एकजण मोठ्याने वाचत होता आणि वीसेकजण ऐकत होते. बस मधेच उभी करून ड्रायव्हर वाचत होता. भोंगे वाजवणारे मागचेही खाली उतरून वाचायला लागले. रेडिओवर बातम्यांच्या वेळेला नुसतं संगीत चाललं होतं.

वडील दारात उभे होते. हातात पेपर होता.

“माझ्या गुडघ्याच्या पाकिटातून?”

“हो.”

“मी शपथ घेतलेला माणूस आहे. तूही घेतली होतीस.”

“घेतली होती, बाबा. मोडली.”

त्यांचा चेहरा लाल झाला. ते ओरडणार असं तिला वाटलं. पण त्यांनी पेपर पुन्हा डोळ्यांजवळ नेला. बराच वेळ त्यांचं बोट एका ओळीवर राहिलं.

“मिळाले का म्हणून विचारलं त्यांनी?”

“हो.”

“आणि आपण उत्तरसुद्धा दिलं नाही.” ते खुर्चीत बसले. “आम्ही लढलो तेव्हा पांढरं फडकं दिसलं की बंदूक खाली घ्यायचो गं.”

तेवढ्यात गाडी आली. चौघे उतरले. शेजारपाजार गोळा झाला. “शेवटी आईच्या वळणावर गेली,” असं एक बाई मुद्दाम ऐकू येईल असं म्हणाली. वरच्या मजल्यावर कुणीतरी टाळ्या वाजवल्या, आधी एकट्याने, मग आणखी कुणीतरी साथ दिली. ती मान ताठ ठेवून गाडीत बसली. आश्चर्य म्हणजे तिला भीती वाटत नव्हती. कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच छाती भरून श्वास येत होता.

पुढे सगळं भराभर घडलं. जखमी सैनिकांच्या आया युद्धखात्यासमोर बसल्या, त्या उठल्याच नाहीत. मंत्री गेले. थंडी पडायच्या आत गोळीबार थांबला आणि जखमींच्या गाड्या दोन्ही बाजूंनी पूल ओलांडू लागल्या. बोलणी सुरू झाली तेव्हा मधल्या खुर्चीवर दुभाषी म्हणून शब्दकोश बसले होते.

तिला मात्र तुरुंगाची शिक्षा झाली. न्यायाधीश म्हणाले, हेतू चांगला होता हे न्यायालयाला मान्य आहे. कायदा हेतू बघत नाही. नोकरी गेली, पेन्शन गेलं. वडिलांच्या जुन्या सोबत्यांनी त्यांना बैठकीला बोलावणं बंद केलं.

पहिल्या भेटीला वडील काठी टेकत आले. जाळीपलीकडे बसले, घसा साफ केला आणि तिच्या आईच्या भाषेत काहीतरी म्हणाले. इतक्या वर्षांच्या संसारात त्यांनी त्या भाषेतला एक शब्द उच्चारला नव्हता.

“ओ आजोबा, परक्या भाषेत बोलायचं नाही इथे,” पहाऱ्यावरची शिपाईण म्हणाली.

“का? सरकार रोज बोलतंय त्या भाषेत. मी बोललो तर काय बिघडलं?”

शिपाईणीने हसू लपवायला तोंड फिरवलं. वडिलांनी पुन्हा पहिल्यापासून, एकेक शब्द जुळवत, तेच विचारलं. त्यांना ‘कशी आहेस’ म्हणायचं होतं. पण क्रियापद चुकलं होतं. तिकडे ते माणसांसाठी वापरत नाहीत, आभाळासाठी वापरतात.

तिने ती चूक तशीच राहू दिली.

“निरभ्र आहे, बाबा,” ती त्याच भाषेत म्हणाली.