बरणीतलं दान

मित्रांनो, मला वीस बाजू आहेत, पण तोंड एकही नाही. म्हणून इतकी वर्षं मी गप्प राहिलो. अमेरिकेत एका मोठ्या सरोवराकाठी वसलेल्या डुलुथ गावात ऑरिन हाल्व्होर्सनच्या तळघराच्या खिडकीत काकडीच्या लोणच्याची एक रिकामी बरणी आहे. तिच्यात निळ्या रंगाचा, कडा झिजलेला एक फासा पडलेला दिसेल. तो मी.

मी काही मोठ्या घराण्यातला नाही. स्वस्त प्लास्टिकचा, साच्यातून घाईघाईनं काढलेला. आमच्या काळी फाशांवर कोरलेले आकडे रंगवून येत नसत. डब्यात एक पांढरा मेणखडू यायचा आणि आकडे आपले आपण भरून घ्यायचे. ऑरिननं मला विकत आणलं, पण माझे आकडे भरले त्याच्या धाकट्या बहिणीनं, कोरीननं. ती तेव्हा शाळेत होती. जीभ बाहेर काढून, खडू घासून घासून तिनं एकेक आकडा भरला आणि तीनचा आकडा जरा बिघडवला. तो अजूनही आठासारखा दिसतो. मला त्याचा अभिमान आहे.

आमचा खेळ टेबलाभोवती बसून गोष्ट रचण्याचा. ऑरिन सूत्रधार; तो संकटं आणि राक्षस आणायचा. बाकीच्यांनी एकेक महावीर व्हायचं. प्रत्येकाला सारखेच गुण मिळायचे. ते वेगावर उधळा, ताकदीवर उधळा, नाहीतर चिलखतावर, ज्याची त्याची मर्जी. वार बसला की चुकला, आणि बसला तर किती जोरात, हे मी सांगायचो; आकडा जितका मोठा तितका वार जबर. कोरीनच्या वीरांगनेचं नाव होतं ठिणगी. चपळ, बडबडी, अंगानं पातळ. शाळा सुटली, कोरीन बँकेत लागली, तिचे केस पिकायला लागले, पण ठिणगी तीच राहिली.

दर रविवारी चर्चमधून आले की खेळ सुरू व्हायचा. मी चांगला पडलो की कोरीन माझा मुका घ्यायची. ऑरिन म्हणायचा, "अगं, त्याला लिपस्टिक लागली की जड होतो तो!" ते माझे सुखाचे दिवस होते.

मग व्हर्न आला. व्हर्न पेल्की, ऑरिनचा शाळेपासूनचा दोस्त. खनिज वाहणाऱ्या बोटीवर तो आणि त्याचा भाऊ लाइल एकत्र कामाला होते. एका नोव्हेंबरात सरोवरानं लाइलला नेलं आणि व्हर्न एकटा घरी आला. त्यानंतर तो कुणाशी बोलेना. ऑरिननं त्याला ओढत आमच्या टेबलाशी आणलं. व्हर्ननं आपला वीर बनवला आणि सगळे गुण चिलखतावर घातले. एकही वेगावर नाही, एकही ताकदीवर नाही. वीराचं नाव ठेवलं ऐरण.

सुरुवातीला मोठी गंमत आली. राक्षस मारून मारून दमायचे आणि ऐरणीला काही व्हायचं नाही. व्हर्न चिप्सची पिशवी उघडून म्हणायचा, "मी जरा पडतो. लढाई संपली की उठवा मला." कोरीन त्याच्यावर शेंगदाणे फेकायची. "बघा, हेही लागत नाहीत मेल्याला!" कितीतरी महिन्यांनी व्हर्न तिथं हसला.

पण ज्याला काहीच लागत नाही त्याच्यासाठी संकट तरी कुठून आणणार? ऑरिननं राक्षसांचा जोर वाढवला. तरी ऐरणीला काही लागेना म्हणून आणखी वाढवला. आणि तोच वार ठिणगीकडे वळला की ती एका फटक्यात आडवी व्हायची, जेमतेम वाचायची.

एकदा व्हर्न घरी गेल्यावर कोरीन बोललीच. "तू हातोडा वाढवतोस त्याच्यासाठी, ऑरिन, आणि पडतो तो माझ्या डोक्यात. त्याचं चिलखत कमी कर, नाहीतर नियम तरी बदल."

"बोलतो त्याच्याशी," ऑरिन म्हणाला.

बोलला तो, पण आडून आडून. व्हर्ननं हात जोडल्यासारखं केलं. "तेवढं सोडून काहीही माग. साऱ्या जगात ही एकच जागा आहे जिथं मला काही लागत नाही." ऑरिननं माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

तो फेब्रुवारीतला रविवार होता. ऑरिननं बंदरावर हिमराक्षस आणला होता. राक्षसानं अख्खा धक्का बर्फाखाली चेचला. ऐरण आणि ठिणगी, दोघांवर एकच वार. आमच्या घरचा रिवाज होता की सूत्रधारानं फासा पडद्याआड टाकायचा नाही, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर टाकायचा. ऑरिननं मला टाकलं. मी घरंगळलो, चिप्सच्या वाडग्याला आपटलो आणि वीस दाखवून थांबलो.

ऐरणीला ओरखडा आला.

"चला, एकदाचं काहीतरी लागलं!" व्हर्न ओरडला. मग त्यानं कोरीनकडे पाहिलं आणि त्याचा हात चिप्सच्या वाडग्यातच राहिला.

ठिणगी मेली होती.

"नवीन वीर बनव ना," ऑरिन कसाबसा म्हणाला.

"ठिणगी मेल्याचं काही नाही रे," कोरीन म्हणाली. "तुला माहीत होतं असं होणार. त्याला दुखवायचं नाही म्हणून तू मला मारलंस." तिनं बूट चढवले, कोट घातला आणि ती जिना चढून गेली. वरचं दार आपटलं नाही, हळूच लागलं. त्यानं जास्त वाईट वाटलं.

आमच्याकडे आणखी एक रिवाज होता. ज्या फाशानं वीर आडवा केला किंवा मारला त्याला बरणीत कैद, आणि ज्याचा वीर पडला त्यानंच आपल्या हातानं त्याला सोडवायचं. आजवर हा कैदखाना हसण्यावारी जायचा. कोरीननं मला कितीदा पाच मिनिटांत सोडवलं होतं! त्या दिवशी ऑरिननं झाकण लावलं तेव्हा कुणी हसलं नाही.

मित्रांनो, दोष माझा होता का? मी तर नुसता पडतो. वार केवढा असावा हे माणसं ठरवतात. पण माणसावर राग काढणं अवघड जातं आणि फाशाला शिक्षा करणं फार सोपं असतं.

बर्फ वितळायला लागल्यावर एका रविवारी व्हर्न आला. टोपी हातात घेऊन उभा राहिला.

"माझं चिलखत अर्धं कर," तो म्हणाला.

"अरे, पण तूच तर..."

"ऐक आधी. अर्धं माझ्यासाठी. उरलेलं अर्धं कधी चालेल, तर मी दुसऱ्याच्या पुढं जाऊन उभा राहिलो तर. एकट्यासाठी नाही." त्यानं टोपी टेबलावर ठेवली. "लाइलच्या पुढं नाही उभा राहू शकलो मी. इथं तरी राहू दे."

ऑरिन खुर्चीतून उठला आणि त्यानं व्हर्नला मिठी मारली. कितीतरी दिवस डोकं खाजवून त्याला जो तोल साधला नव्हता, तो व्हर्ननं एका वाक्यात साधला होता. त्यांनी तिथूनच कोरीनला फोन लावला. ऑरिननं माफी मागितली, व्हर्ननं नवा नियम सांगितला. पलीकडून तिचं हसू मला काचेतूनही ऐकू आलं. "ईस्टर झाला की येते. त्या निळ्याला सांगा, तयार राहा म्हणावं. आणि व्हर्न, शेंगदाणे माझ्याकडून!"

मी तयार राहिलो. ऑरिननं बरणी पुसली, तिची खुर्ची पुसली.

ईस्टर झाल्यावर गुरुवारी कोरीन बँकेतच कोसळली. डोक्यातली नस फुटली म्हणाले. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

अंत्यविधीनंतर दोघं काळ्या कोटांतच तळघरात आले. व्हर्न तिच्या खुर्चीसमोर बसला.

"तो वार परत टाक," तो म्हणाला. "बंदरावरचा. मी तिच्या पुढं उभा राहतो."

"तो फासा आत आहे, व्हर्न."

"मग काढ."

"तिनंच काढायचा असतो ना रे."

"मग दुसरा टाक!"

ऑरिनचा हात डब्याकडे गेला. डबा भरलेला होता, लाल, हिरवे, चकचकीत फासे. पण त्याला एकही उचलवला नाही. व्हर्ननं टेबलावर डोकं टेकलं आणि तो लहान मुलासारखा रडला. त्या टेबलावर परत कुणी खेळलं नाही.

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. तुमच्यातल्या कुणाचं चिलखत जाड असेल तर असू द्या, त्याला ते हवं असेल. पण शेजारी बसलेल्याचं अंग किती पातळ आहे हेही बघा, आणि तो सांगतो तेव्हाच ऐका. नंतर ऐकून काही उपयोग होत नाही.

ऑरिन आता म्हातारा झाला आहे. रविवारी चर्चमधून आला की तो बरणीवरची धूळ पुसतो आणि पुसता पुसता ती जराशी हलवतो. मी आत घरंगळतो. गेल्या रविवारी तीन पडले, आठासारखे दिसणारे, तिनं भरलेले तीन. बंदरावरच्या त्या वाराला तीन पडले असते तर वार चुकला असता आणि ठिणगी वाचली असती. ऑरिन खूप वेळ काचेला नाक लावून बघत राहिला. मग त्यानं बरणी होती तिथं ठेवली. बरणीत पडलेलं दान मोजत नाहीत.