कडू भिंत

माझ्या घरात डास घुसत नाही, आणि घुसलाच तर जिवंत परत जात नाही. कडुनिंबाचं तेल मीच काढते, गवती चहाच्या पातीच्या धुरीच्या जुड्या मीच बांधते; अख्खी गल्ली माझ्याकडून नेते. म्हणून मागच्या खोलीत भिंत पोखरल्याचा आवाज आला, तेव्हा मी आधी बाहेरचं दार लावलं. शेजारच्या चौकसबाईने ऐकलं असतं तर नळावर तेच पुराण लागलं असतं: औषधवालीच्याच घराला कीड!

आवाज भर दुपारी यायचा. कुर्र, कुर्र. मग थांबायचा, कोणी दम खावा तसा. मी आत गेले की गप्प. पलंगामागे भिंतीला खळगा पडला होता. जमिनीपाशी नाही, छतापाशी नाही; बसलेल्या माणसाच्या तोंडाच्या उंचीवर. बोट घातलं तर आत ओल. खाली मातीचा कण नाही.

"उंदीर असेल, आई," सून पलंगावरूनच म्हणाली. तिला सातवा महिना, पण पोट बेताचंच. ते माझं शहाणपण. पोर आत फार वाढलं की बाळंतपण अडतं, म्हणून मी तिचं ताट आवरतं घेतलं होतं. दवाखान्यातून दिलेल्या गोळ्याही कपाटावर ठेवून दिल्या होत्या.

"कणही न सांडता खाणारा उंदीर? तुझ्या माहेरचा असेल, एवढ्या शिस्तीचा!"

ती हसली, पण तोंडावर हात धरून.

मी कडुनिंबाचा पाला वाटून खळग्यात लिंपला. दुसऱ्या दिवशी लिंपण गायब, खळगा खोल. मग वाटणात तेल घातलं, कडूजहर. तेही गेलं. कडू चाटूनपुसून खाणारी कीड मी जन्मात पाहिली नव्हती. पुढच्या वाटणात मी आणखी तेल ओतलं. माझ्या औषधाला न भिणारं असं काय शिरलंय माझ्या घरात?

त्या दुपारी मी बाहेर जायचं सोंग केलं. दार आपटलं आणि चपला हातात घेऊन आतच थांबले. कुर्र सुरू झालं. मी मागच्या खोलीच्या दाराच्या फटीतून पाहिलं. सून भिंतीकडे तोंड करून गुडघ्यांवर बसली होती. दोन्ही तळवे भिंतीला टेकलेले, मान सावकाश वरखाली होत होती.

"अगं ए!"

ती वळली. ओठ हिरवे, दातांत माती, आणि नजर अशी की मी कोण हेच तिला आठवत नसावं.

"मला नको असतं हो, आई," ती पुटपुटली. "आतून मागतं."

"पोर हलतंय ना?"

"सकाळपासून नाही."

तिला रिक्षात घालून दवाखाना गाठला. नर्सबाईने तिची पापणी खाली ओढली. आत पांढरंफटक.

"अंगात रक्त कमी झालं की काहींना माती, चुना खावासा वाटतो. गोळ्या देता ना, आजी?"

"कपाटावर आहेत," मी पुटपुटले. मला पुटपुटताना गल्लीत कोणी ऐकलेलं नाही.

"आणि हे हिरवं काय?"

मी सांगितलं. तिचा चेहरा उतरला. "अहो, ते अंगाला लावायचं! पोटात गेलं तर पोराला भोवतं."

तिने पोटावर यंत्र टेकवलं. इकडे सरकवलं, तिकडे सरकवलं. पुन्हा पहिल्या जागी आणलं. मग म्हणाली, "ठोके आहेत. पण बारीक."

डॉक्टर तपासून गेले. खायला घाला म्हणाले, पोटभर, आणि इथेच राहू द्या. दवाखान्याच्या स्वयंपाकघरातून वाटीभर डाळ, पालेभाजी, उकडलेलं अंडं आलं. एका हाताने मी घास भरवला, दुसरा तिच्या पोटावर ठेवला.

घास घशाखाली गेला आणि माझ्या तळव्याखाली काहीतरी सरकलं. हळू, चाचपल्यासारखं. मी थांबले. तेही थांबलं. पुढचा घास दिला. पुन्हा सरकलं, या खेपेला थेट माझ्या बोटांपाशी.

"आई, तुमचा हात शोधतंय," सून डोळे मिटूनच म्हणाली.

माझ्या अंगावर काटा आला, पण हात मी काढला नाही. वाटी संपली तेव्हा ते तळव्याशी टेकून निपचित राहिलं होतं, वाट पाहत.

"अजून एक वाटी आणा कोणीतरी!" मी ओरडले. "बहिरे झालात का सगळे?"