भरल्या दिवसांची चाल

डॉक्टरीणबाईंनी उल्काला बजावलं होतं, वजन उतरल्याशिवाय पाळी ताळ्यावर यायची नाही आणि पाळी ताळ्यावर आल्याशिवाय दिवस राहायचे नाहीत. तेव्हा रोज सकाळी झपाझप चालायचं, घाम फुटेपर्यंत. सांगायला काय जातं! चिकपेटच्या कानडी बाजारपेठेत सुनेनं काम नसताना झपाझप चालायचं म्हणजे समोरच्या एसटीडी बूथवाल्यापासून सगळ्यांना उत्तरं देत बसायचं. नवरा मोहनकुमार दिवसभर दुकानात गादीवर बसून साड्या उलगडायचा. त्याला चालायला कुणीच सांगितलं नव्हतं.

तोड काढली ती सासूनं. भागीरथीबाई म्हणाल्या, "अश्वत्थकट्ट्याला प्रदक्षिणा घाल. पोरासाठी इथं सगळ्याच घालतात, कोण कशाला विचारतंय?" गल्लीच्या टोकाला पिंपळाचा पार होता, पारावर हळदीनं माखलेले दगडी नाग. उल्काला वाटलं, बरं झालं, देव आणि डॉक्टर एकाच फेरीत उरकतील.

उन्हाळा सरला तरी ती चालतच होती. पोटऱ्या भरून यायच्या, घाम यायचा आणि उशिरा का होईना, पाळीही यायची. आज पहाटे परत आली होती. उल्का नुसती थकली नव्हती, पार विटली होती. पाळीत पाराला शिवायचं नसतं, पण घरी सांगायचं त्राणही तिच्यात नव्हतं. म्हणून गुपचूप आली.

नेमक्या त्याच सकाळी भागीरथीबाई दुखरे गुडघे सांभाळत पारावर येऊन बसल्या आणि त्यांनी कपाळाला हात लावला.

"अगं, पोलीस मागं लागल्यागत पळतीस काय? म्हणूनच देवाला पोचंना. स्वल्प हळू! भरल्या दिवसांची बाई डोक्यावर तेलाची घागर घेऊन कशी चालंल, तशी प्रदक्षिणा घालायची."

उल्का थांबली. "ती बाई कशी चालते ते मला ठाऊक असतं, आत्याबाई, तर मी इथं आले असते का?"

 भागीरथीबाई उठल्या. एक हात कमरेवर ठेवला, पाठ मागं रेलली आणि जड पाऊल टाकलं. "अशी," त्या हळूच म्हणाल्या.

उल्का त्यांच्यामागून तशीच निघाली. पोट तिला होतंच, डॉक्टरीणबाईंना नको असलेलं.

टोपली घेतलेली एक नवीनच फुलवाली थबकली. "एष्टु तिंगळु, अक्का?" कितवा महिना, असं ती कानडीत कौतुकानं विचारत होती.

भागीरथीबाईंनी वळून पाहिलं.

"ओंबत्तु," उल्का म्हणाली. नववा.

फुलवालीनं एक गजरा तिच्या हातावर ठेवला आणि पैसे न घेता निघून गेली.

ती फेरी उल्कानं तशीच पुरी केली, होईल तितकी सावकाश. मग गजरा सासूच्या हातात दिला, पदर खोचला आणि झपाझप चालू लागली. भागीरथीबाईंनी तिला हळू म्हटलं नाही. बाजूला सरकून त्यांनी तिला वाट दिली.