तिसरी तुळई

मित्रांनो, आठ फूट लांबी, सहा फूट रुंदी, एक दार, दोन खिडक्या आणि वर उतरतं छप्पर, एवढाच माझा पसारा. मी बागेतली एक जुनी लाकडी बंगली आहे. मला पहिल्यांदा बघणारे लोक हमखास विचारतात, "कोंबड्यांचं खुराडं आहे का हो?" मी राग मानत नाही. आत येऊन बाकावर टेकले आणि खिडकीतलं ऊन पायांवर आलं, की तेच लोक उठायचं नाव घेत नाहीत.

मला चिमणीने बांधलं. जन्मली तेव्हा ती मूठभर होती, म्हणून थोरल्या बहिणीने तिला चिमणी म्हटलं. पुढे चिमणी चांगली उंच झाली, खांद्यांनी रुंद झाली, दोघांना न उचलणारं कपाट एकटी सरकवू लागली, पण नाव काही बदललं नाही. थोरली बहीण म्हणजे ताई. ताई एका कचेरीत टायपिस्ट होती. दोघी एकाच घरात राहत, एकाच किटलीतला चहा पीत आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत भांडत. एखाद्या दिवशी आवाज आला नाही तर शेजारची माणसं काळजीने डोकावत, "बरं आहे ना सगळं?"

चिमणी अठरा वर्षं लाँड्रीत इस्त्री करत होती. एकदा तिथल्या टेबलाचा पाय निखळला. सुतार आज येतो, उद्या येतो करत चार दिवस फिरकला नाही. पाचव्या दिवशी चिमणीने घरून हातोडी आणली आणि पाय स्वतःच बसवला. मालकाने टेबल हलवून पाहिलं, मग वर बसून पाहिलं. टेबल तसूभर हललं नाही. त्या दिवसापासून चिमणीचं इस्त्रीत लक्ष लागेना. बेचाळिसाव्या वर्षी तिने नोकरी सोडली आणि सुतारकामाच्या शाळेत नाव घातलं.

"या वयात शाळा?" ताई म्हणाली. "आता दप्तर कोण घेऊन देणार तुला?"

"दप्तर नको. रंधा घेऊन दे."

ताई दिवसभर बडबडली आणि संध्याकाळी रंधा घेऊन आली.

त्या शाळेची शेवटची परीक्षा अवघड होती. प्रत्येकाने शाळेच्या आवारात बागेत ठेवण्याजोगी एक छोटी बंगली बांधायची. पास झाला तर दाखला मिळे आणि बंगली घरी नेता येई. नापास झाला तर बंगली मोडून तिच्या फळ्या पुढच्या वर्गाला देत. संधी फक्त दोन. आणि चिमणीची एक संधी आधीच वाया गेली होती. आदल्या वर्षी तिच्या बंगलीचं दार दमट हवेने फुगलं आणि परीक्षक आत असतानाच गच्च बसलं. बिचाऱ्यांना खिडकीतून बाहेर काढावं लागलं. पाय आधी आले, मग पोट अडकलं, मग चष्मा पडला. ती बंगली मोडली. माझ्या दारावरच्या दोन फळ्या तिच्याच आहेत.

त्यामुळे मला बांधताना चिमणी फार जपून होती. फळी निवडताना ती डोळ्याजवळ धरून बंदुकीसारखा नेम धरायची आणि जरा वाक दिसला की बाजूला ठेवायची. विटांचे आठ ठोकळे रचून त्यांवर तिने चार जाड तुळया टाकल्या, म्हणजे माझ्या जमिनीला मातीचा ओलावा लागू नये. भिंतीच्या प्रत्येक फळीची एक कड जिभेसारखी बारीक केली आणि ती शेजारच्या फळीच्या खाचेत बसवली. जमिनीच्या फळ्या खिळ्यांनी न ठोकता तिने स्क्रूने आवळल्या. शिक्षक म्हणाले, "मावशी, खिळे मारा की. लवकर आटपेल." चिमणी म्हणाली, "पुढेमागे काढायची वेळ आली तर?" दाराभोवती तिने बोटाच्या नखाएवढी फट ठेवली. या दाराने तिची झोप उडवली होती.

परीक्षेला चार दिवस राहिले असताना ती माझ्याखाली कचरा साफ करायला वाकली आणि तिथेच थबकली. तिसऱ्या तुळईत, गाठीपाशी, एक चीर पडली होती. लाकूड वाळताना तडकलं होतं. दुसरी तुळई शिल्लक नव्हती. चिमणीने चिरेखाली वीट ठेवली, एक पाचर ठोकली आणि घरी गेली. दुसऱ्या दिवशी ताई डबा घेऊन आली, तेव्हा दोघी माझ्या पायरीवर बसून बोलत होत्या.

"टिकेल का तशी?" ताईने विचारलं.

"पाच-सहा वर्षं टिकेल. मग खचेल."

"मग गप्प राहा की. परीक्षक काय पालथे पडून बघणार आहेत? आणि चिमे, ही दुसरी वेळ आहे तुझी. लाँड्रीत दुसरी बाई लागली केव्हाच."

चिमणीने डब्यातला घासही खाल्ला नाही. मित्रांनो, मी तिथेच होते आणि खरं सांगते, माझं मत ताईच्या बाजूने होतं. मोडून जायची हौस कोणाला असते?

परीक्षेचा दिवस उजाडला. परीक्षकांना सगळे टकटकसाहेब म्हणत, कारण ते बोटाच्या पेराने जिथे तिथे टकटक करून बघत. पांढराशुभ्र शर्ट, खिशात एक पत्ता छापलेलं कार्ड आणि एक काचेची गोटी. माझ्या शेजारी एका माजी बस-ड्रायव्हरने बांधलेली हिरवी बंगली होती. तिला झालर काय, नक्षी काय, रंगाची चकाकी काय! येणारा जाणारा तिच्याकडेच बघत होता. टकटकसाहेब तिच्यात शिरले, जमिनीवर वर्तमानपत्र पसरून स्टुलावर बसले आणि म्हणाले, "ओता." बाहेरून छपरावर बादलीभर पाणी ओतलं. थोड्या वेळाने ते बाहेर आले तेव्हा त्यांच्या टकलावर तीन थेंब होते. ड्रायव्हर स्वतःच मोठ्याने हसला. "साहेब, वायपर बसवायचा राहिला!"

मग माझी पाळी. साहेबांनी आधी दार बघितलं. चिमणीने डोळे मिटले. त्यांनी करंगळीने ढकललं, दार गुपचूप उघडलं. तरी आत जाताना ते चिमणीला म्हणाले, "खिडकी उघडीच राहू दे." त्यांनी माझा कोपरा दोन्ही हातांनी धरून गदागदा हलवला. फळ्यांच्या सांध्यात कार्ड घालून पाहिलं, ते शिरेना. जमिनीवर गोटी ठेवली, ती ठेवली तिथेच राहिली. उंबऱ्याच्या लाकडात अंगठ्याचं नख रोवून पाहिलं, ते रुतेना. बादली ओतली, वर्तमानपत्र कोरडं. मग गुडघे टेकून त्यांनी खालीही एक नजर टाकली, उठले, गुडघे झटकले आणि खिशातून पेन काढलं.

"साहेब, थांबा," चिमणी म्हणाली.

कुंपणाशी उभ्या असलेल्या ताईने कपाळावर हात मारला.

"तिसऱ्या तुळईला चीर आहे. गाठीपाशी. खाली पाचर मारलीय, म्हणून दिसली नसेल."

टकटकसाहेबांनी पेनाचं टोपण लावलं.

"दिसली नाही खरी," ते म्हणाले. "तीस वर्षं झाली ही कामं बघतोय. माझ्या नजरेतून सुटली."

आणि मित्रांनो, तो पांढराशुभ्र शर्ट घालून ते सरळ मातीत आडवे झाले आणि माझ्याखाली सरपटत गेले. बाहेर फक्त बूट दिसत होते. आतून टकटक ऐकू आली. मग आवाज आला, "पाचर उत्तम बसवलीय हो!" सगळ्यांचे चेहरे उजळले. मग पुन्हा आवाज आला, "पण तुळई बाद आहे."

ते बाहेर आले तेव्हा टकलावर कोळ्याचं जाळं होतं. चिमणीच्या डोळ्यांत पाणी होतं, पण ती खाली बघत नव्हती.

"अशी पास करता येणार नाही," साहेब म्हणाले. "यात उद्या कोणी तरी बसणार आहे. पण परीक्षा संध्याकाळी पाचला संपते. आत्ता साडेदहा वाजलेत. मी कुठे जात नाही."

"तुळई शिल्लक नाही, साहेब."

"माझ्याकडे आहे एक!" ड्रायव्हर ओरडला. "मी मोजताना चुकलो, जास्तीची आली. घ्या मावशी. पण त्या बदल्यात माझं छप्पर कुठे गळतंय ते बघून द्या."

मग जी धांदल उडाली म्हणता! सगळा वर्ग धावला. स्क्रू होते म्हणून माझ्या फळ्या एकेक करून अलगद निघाल्या. खिळे असते तर फाटल्या असत्या. चिमणीने नवी तुळई कापण्याआधी तीनदा मोजली. ताईला कोणी काम सांगितलं नव्हतं, तरी ती साडीचा पदर खोचून स्क्रू वाटीत गोळा करत होती आणि सगळ्यांना ओरडत होती. "अरे, तो वाकडा धरलायस! चिमे, आधी चार घास खा, मग ठोक!" मधल्या वेळात चिमणीने हिरव्या बंगलीच्या छपरावर चढून गळकी फट शोधली. झालरीच्या मागेच होती.

पावणेपाचला शेवटचा स्क्रू बसला. टकटकसाहेबांनी पुन्हा खाली जाऊन बघितलं. मग बाहेर येऊन वर्गाकडे वळले. "किती जण आहात?"

"मावशी सोडून दहा."

"आणि मी अकरावा. चला आत."

अकरा माणसं माझ्यात कोंबून भरली. कोणाचं कोपर कोणाच्या बरगडीत, ड्रायव्हरचं पोट तर अर्धं खिडकीबाहेर. "एक, दोन, तीन म्हटलं की उडी मारायची," साहेब म्हणाले. अकरा जण एकदम उडाले आणि एकदम खाली आले. मी कुरकुरले नाही. पुन्हा उडाले. तिसऱ्या वेळी तर कोणी सांगितलंही नव्हतं, सगळे आपले हसत हसत उड्या मारतच होते आणि साहेब सगळ्यांत उंच!

चिमणी बाहेर उभी होती. साहेबांनी खिडकीतूनच कागदावर सही केली आणि तिच्या हातात दिला. हिरवी बंगलीही त्याच संध्याकाळी पास झाली.

भिंती सुट्या करून मला हातगाडीवरून घरी आणलं आणि मागच्या बागेत उभं केलं. ते दिवस सुखाचे होते. ताई रुसली की माझ्यात येऊन दार लावून बसे, म्हणून चिमणीने माझं नाव कोपभवन ठेवलं. मग चिमणीही रुसू लागली. हिवाळ्यात माझ्यात ऊन इतकं छान येई, की पुढेपुढे दोघी मिळूनच रुसायला येत, चहा घेऊन. चिमणीला कामं मिळू लागली. गिऱ्हाईक आलं की ती मला दाखवी. "बोलण्यावर जाऊ नका, हात लावून बघा." लोक मला हलवून बघत, दार करंगळीने उघडत, वाहवा करत. माझी छाती फुगे. दार मात्र कधी फुगलं नाही.

पण चिमणी दुसऱ्यांच्या बंगल्या बांधण्यात इतकी बुडाली, की माझ्याकडे बघायला तिला सवड मिळेना. ताईने एक मोडकी खुर्ची तात्पुरती म्हणून माझ्यात ठेवली. तिच्या मागोमाग जुनी वर्तमानपत्रं आली, मग रिकामे डबे. छपराच्या पन्हाळीत पानं कुजली. पाणी तिच्यातून वाहायचं सोडून माझ्या भिंतीवरून ओघळू लागलं. सात पावसाळे मी तशीच काढले.

मागच्या महिन्यात दोघींचं किटली कोणी करपवली यावरून कडाक्याचं भांडण झालं. ताई तरातरा माझ्याकडे आली आणि तिने दार ओढलं. मूठ हातात आली आणि ताई चिखलात मटकन बसली. चिमणी इतकी हसली, इतकी हसली, की आधारासाठी तिने माझी भिंत धरली. आणि हसता हसता थांबली. तिचा अंगठा माझ्या खालच्या फळीत रुतला होता.

तिने पन्हाळ बघितली, छप्पर बघितलं, पोटावर पडून खालून बघितलं.

"ताई, सगळ्या गावाच्या बंगल्या बघते मी. हिच्यावर एकदाही तेलाचा हात फिरवला नाही."

"मला आधी उठव," ताई म्हणाली. "मग दोघी मिळून बघू."

तीन आठवडे काम चाललं. खुर्ची गेली, डबे गेले. कुजलेल्या पाच फळ्या बदलल्या, पन्हाळ साफ झाली, नवी मूठ लागली. ताईने रंग निवडला, चिमणीला तो आवडला नाही, त्यावरून दोन दिवस अबोला झाला आणि तिसऱ्या दिवशी दोघींनी मिळून तोच रंग लावला. लिंबासारखा पिवळा.

मित्रांनो, लाकूड ओरडत नाही. आम्ही आधी ओलावतो, मग मऊ होतो, मग एक दिवस नख रुततं. तुमच्याही घरी एखादं दार असेल, बाक असेल, झोपाळा असेल. पाऊस येण्याआधी त्याच्यावरून एकदा हात फिरवा. पन्हाळीतली मूठभर पानं काढा. स्क्रू सैल झाला असेल तर आवळा. अर्ध्या तासाचं काम आहे, आणि त्यात आमची वर्षंच्या वर्षं वाचतात.

आता या, आत येऊन बसा, ऊन आलंय. कितीही जण या. फक्त भिंतीला पाठ टेकू नका, रंग अजून ओला आहे.