आभाची बाबागाडी

अरुंधतीबाईंच्या नाकाला अख्ख्या सोसायटीत तोड नव्हती. दूध नासणार हे त्यांना आदल्या दिवशी कळायचं. शेजारच्या कोमलकडे गॅसची नळी गळतेय हे त्यांनी जिन्यातून ओळखलं होतं, आणि तेव्हापासून लोक त्यांच्यापुढे पिठाचे डबे धरून "काकू, जरा बघता का" म्हणायचे. तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलेली बाई. एखादी गोष्ट हातात घेतली की तडीस नेल्याशिवाय सोडायची नाही. अशा बाईला एका जुन्या बाबागाडीने तीन आठवडे दमवलं.

गाडी आभाची. आभा ही त्यांची एकुलती एक लेक. लग्न होऊन ठाण्याला, आणि आता आठवा महिना लागलेला. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, यात अरुंधतीबाईंना विचारण्यासारखं काही वाटलंच नव्हतं. ठाण्याला डोहाळजेवण झालं, तेव्हाच तिला सोबत पनवेलला आणायचा त्यांचा बेत होता. पण ऑफिसचं काम उरकते आणि मग येते, असं आभा म्हणाली, आणि अरुंधतीबाई आणि त्यांचे यजमान विनायकराव दोघंच पनवेलला परतले. आता बाळ यायच्या आधी घरात नवं काही आणायचं नाही, हा आपल्या सासूबाईंचा दंडक अरुंधतीबाईंना इतकी वर्षं विज्ञान शिकवूनही मोडवला नव्हता. पण नवं आणायचं नाही म्हणजे जुनं धुवायचं नाही असं थोडंच आहे? त्यांनी विनायकरावांना स्टुलावर चढवलं आणि माळ्यावरून लेकीची बाबागाडी खाली उतरवली.

प्लास्टिकचा कागद सोडला मात्र, घरभर कुबट वास सुटला. सांगाडा धडधाकट होता, चाकंही फिरत होती. वास होता तो सगळा गादीत. अरुंधतीबाईंनी पदर खोचला. पहिल्या दिवशी गरम पाणी आणि साबण. मग खाण्याचा सोडा भुरभुरून ठेवला, मग व्हिनेगरच्या पाण्याने पुसून काढली, मग कोळशाचे खडे फडक्यात बांधून गादीखाली सरकवले. रोज गच्चीवर ऊन द्यायचं, रात्री वारा लागावा म्हणून तिथेच पत्र्याखाली ठेवायची. संध्याकाळी हुंगावं तर वास गेलेला, आणि सकाळी आठला वर जावं तर पुन्हा आपला हजर. गादी हाताला जराशी ओलसरही लागायची. थंडी पडू लागली होती, कर्नाळ्याच्या बाजूने पहाटेचं धुकं यायचं. दवच पडत असणार, असं म्हणून त्या पुन्हा पहिल्यापासून सुरू करायच्या.

या सगळ्यात विनायकराव एखाद्या शहाण्या विद्यार्थ्यासारखे वागले, हे मान्य करायलाच हवं. एरवी कोथिंबीर आणायला सांगितली तर पिशवी शोधण्यात अर्धा तास घालवणारा हा माणूस सोड्याची तीन पाकिटं न कुरकुरता घेऊन आला. आपटा गावातल्या मित्राच्या वाडीतून कडुनिंबाच्या डहाळ्या आणल्या. सकाळी गच्चीवरच्या तुळशीला आणि कढीपत्त्याला पाणी घालून खाली आले की चहाचा कप हातात घेऊन विचारायचे, "काय म्हणतोय आज वास?" आजोबा होणार म्हणून माणूस सुधारला, असं अरुंधतीबाईंना मनोमन वाटलं.

आभाचाही रोज संध्याकाळी फोन यायचा. वास गेला का, हा तिचा पहिला प्रश्न. नाही म्हटलं की म्हणायची, घाई करू नकोस, बाळाला बाधायला नको, नीट जाऊ दे. लेकीला आपल्या गाडीची एवढी काळजी, या गोष्टीने अरुंधतीबाईंना दुसऱ्या दिवशी पुन्हा जिना चढायचं बळ यायचं.

गोदूबाई बुधवारी यायची. गव्हाणकडची कोळीण, पंधरा वर्षं याच सोसायटीच्या फाटकाशी पाटी उतरवणारी. त्या बुधवारी अरुंधतीबाई गादी हातात घेऊनच खाली आल्या होत्या. बोंबील निवडता निवडता त्यांनी आपलं गाऱ्हाणं सांगितलं. गोदूबाईने हात पुसले, गादी नाकाशी नेली, उलटी केली, मधोमध अंगठ्याने दाबली.

"यो जुना वास नाय, बाय. यो रोजच्या पान्याचा हाय."

दव पडतं ना, असं अरुंधतीबाई म्हणाल्या.

"दव वरशी लागतं. ही खालशी वली हाय, मधी. आमी जन्मभर सुकट वालवतो, आमाला नाय कलणार? कुनीतरी पानी घालतंय हिच्यावर."

अरुंधतीबाई हसल्या. गोदूबाईचं काहीतरीच. पण वर आल्यावर त्यांनी स्वतः गादी दाबून पाहिली, आणि त्यांचं हसू गेलं. गच्चीची किल्ली दोघांकडेच तर होती. एक त्यांच्याकडे, एक विनायकरावांकडे.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला विनायकराव झारी घेऊन वर गेले. पाच मिनिटांनी अरुंधतीबाई अनवाणी जिना चढल्या. दार उघडंच होतं. विनायकरावांनी तुळशीला पाणी घातलं, कढीपत्त्याला घातलं. मग पत्र्याखाली गेले, गादी उलटी केली, झारी वाकडी केली आणि पोळीला तेल लावावं तसं हाताने ते पाणी सगळीकडे सारखं पसरलं. मग गादी सुलटी करून होती तशी नीट ठेवली.

याला भ्रम झाला की काय, असं अरुंधतीबाईंना वाटलं. तेवढ्यात ते वळले. त्यांचा चेहरा पाहिल्यावर कळलं की भ्रमबिम काही नाही.

"आभा येणार नाहीये," ते म्हणाले.

मग सगळं बाहेर आलं. ठाण्याच्या हॉस्पिटलात नाव घातलंय. तिच्या सासूबाईंनी दोन महिन्यांची रजा काढलीय. हे गणपतीपासून ठरलंय. बाबा, तुम्ही आईला सांगा, असं आभाने त्यांच्यावर सोपवलं होतं आणि त्यांच्या तोंडून ते निघालं नाही. गाडी खाली आल्यावर वाटलं, ही यात गुंतलीय तोवर तरी तारीख विचारणार नाही. वास गेला असता तर हिने लगेच फोन करून आभाला बोलावलं असतं. म्हणून.

"पण का येणार नाही?"

विनायकरावांनी झारी खाली ठेवली.

"म्हणाली, तिथे आले की मी परत दहावीतली होते. आई माझं सगळं हुंगून बघते."

अरुंधतीबाईंनी कठड्याला हात टेकला. लेकीचे शब्द लागले, खोलवर लागले, पण लेक दूर होती. हा माणूस मात्र समोर होता. यानेच कडुनिंब आणला, यानेच सोडा आणला, यानेच रोज पाणी घातलं आणि खाली येऊन बायकोच्या हातचा चहा घेत वासाची चौकशी केली. चौतीस वर्षं ज्याच्या शेजारी झोपलो त्याने आपल्याला असं बावळट केलं, याचा त्यांना भलताच संताप आला. घराघरांतले वास ओळखत फिरणाऱ्या बाईला स्वतःच्या घरातलं काही कळलं नव्हतं.

त्यांनी गादी उचलली. जाताना एवढंच म्हणाल्या, "तिला फोन करायचा नाही. मला कळलंय हे तिला सांगायचं नाही. तिचं तिला सांगू दे."

तो दिवस त्यांनी गादी घरातच वाळवली. खिडकीतलं ऊन सरकेल तशी त्या गादी सरकवत होत्या, वर पंखा, आणि शेजारी खुर्ची टाकून स्वतः. विनायकराव दोनदा काही बोलायला आले आणि परत गेले. मनात त्या आभाशी बोलत होत्या. एकदा तोंडाने सांग. रागावणार नाही. मीच गाडी घेऊन ठाण्याला येते, आणि तुझ्या सासूबाईंच्या घरात नाकावर बोट ठेवून बसते. फक्त तू सांग.

संध्याकाळी फोन आला.

"गेला का गं वास?"

"गेला."



"अगदी गेला?"

"अगदी. गाडी तयार आहे. तू कधी येतेस?"

 फोनमधून पंख्याचा आवाज येत होता, कोणीतरी भांडं ठेवल्याचा आवाज आला.

"आई, असले वास एवढ्यात जात नाहीत गं," आभा म्हणाली. "तू अजून आठ-दहा दिवस ऊन दे. मग बघू."

"बरं," अरुंधतीबाई म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला.

काय म्हणाली, असं विनायकरावांनी दारातून हळूच विचारलं.

"तिला ठाण्यापर्यंत वास येतोय," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी गादी मांडीवर घेतली आणि शेवटचं हुंगून पाहिलं. कुबट नाही, कडुनिंबाचा नाही, साबणाचासुद्धा नाही. कसलाच वास येत नव्हता. मग मात्र त्यांना रडू आवरेना.