पितळी रिळाची आजची किंमत

सुधाकर केळसकर सरकारच्या किमती मोजणाऱ्या कचेरीतून रिटायर झाले, पण कचेरी काही त्यांच्यातून रिटायर होईना. कुणी कुठलीही जुनी किंमत सांगायचा अवकाश, हे चष्मा कपाळावर चढवणार आणि विचारणार, "म्हणजे आजच्या पैशात किती?" लग्नातल्या जेवणावळीचा खर्च, पहिली स्कूटर, सासऱ्यांनी दिलेलं घड्याळ, सगळं त्यांनी आजच्या पैशात काढून ठेवलं होतं. गाझियाबादच्या त्या सोसायटीत त्यांना पाहून माणसं लिफ्ट सोडून जिना धरत. हेमलताला जिना नव्हता. ती बायको होती.

यंदा त्यांची नजर तिच्या बाबांच्या रिळावर पडली, आणि तिथे मात्र तिचं डोकं फिरलं.

बाबा परळच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये फिटर होते. रविवार उजाडला की काठी, गळ आणि गांडुळांचा डबा घेऊन पवईच्या तळ्यावर जाऊन बसायचे. छप्पन्न साली त्यांनी दोरी गुंडाळायचं विलायती पितळी रीळ घेतलं, पंच्याऐंशी रुपयांना. म्हणजे पगारातलं घरभाडं देऊन जे उरलं ते सगळं. आईने महिनाभर अबोला धरला होता म्हणे. पुढे हेमलता मोठी झाल्यावर बाबांनी तिला तळ्याकाठी बसवून शिकवलं, की मासा जोरात पळायला लागला तर दोरी आवळायची नाही. पळू द्यायचं. दमला की आपोआप येतो.

बाबा गेल्यावर तिने दुसरं काही मागितलं नाही, ते रीळ मागितलं. धाकटा भाऊ राजाभाऊ म्हणाला, "ताई, घेऊन जा की, विचारतेस काय?" पण सुधाकरराव मध्ये पडले. वाटणी म्हणजे वाटणी! त्यांनी तिथल्या तिथे महागाईचा हिशेब मांडला, पंच्याऐंशीचे आजचे आठ हजार काढले आणि निम्मे चार राजाभाऊच्या हातावर ठेवले. वर ऐकवलं, "मी कुणाची पै ठेवत नाही." राजाभाऊ बिचारा ओशाळून गेला.

आणि आता करोल बागेतल्या मराठी मंडळाच्या गणपतीत त्यांना विक्रांत भेटला. गुडगावात मोठ्या कंपनीत, मूळचा पुण्याचा, वाढलेला दिल्लीत. त्याच्या घरात एक अख्खी भिंत मासेमारीच्या जुन्या सामानाची. स्वतः त्याने मासा पाहिला तो फक्त प्लेटमध्ये. गळ म्हणजे काय हेसुद्धा त्याला सुधाकररावांनी समजावून सांगितलं, आणि सांगता सांगता रिळाचा फोटो दाखवला. विक्रांतचे डोळे चमकले.

घरी आल्यावर सुधाकररावांनी चष्मा कपाळावर चढवला. "हेमा, छप्पन्न साली पंच्याऐंशी रुपयांत जवळजवळ तोळाभर सोनं यायचं. सोन्याच्या भावाने बघ. लाख रुपये!"

"राजाला देताना आठ हजार होते."

"तो घरगुती हिशेब. हा बाजाराचा."

काय पण माणूस! देताना एक तराजू, घेताना दुसरा, आणि दोन्हींवर सरकारी शिक्का. ती म्हणाली, "मला विकायचं नाही." ते म्हणाले, "अगं, भावनेला निर्देशांक नसतो. आणि माझे चार हजार त्यात गुंतलेत." संपलं. लगेच विक्रांतला फोन लागला, तोही स्पीकरवर, कारण आपलं बोलणं एकट्याने ऐकावं इतकं सामान्य असतं असं त्यांना कधी वाटलंच नाही.

"काका, लाख ओके," पलीकडून विक्रांत म्हणाला. "फक्त एक रिक्वेस्ट. बिल्कुल साफ करू नका, यार. ती जुनी काळी झाक आहे ना, पैसे तिचेच. पॉलिश झालं की खेळ खतम."

हेमलता समोर मेथी निवडत होती. तिने त्यांना पळू दिलं.

शनिवारी विक्रांत यायचा होता. सकाळी सुधाकरराव मिठाई आणायला खाली उतरले तशी तिने चिंच भिजत घातली, मीठ घेतलं आणि रीळ घासायला बसली. मुठीच्या बाजूला बाबांचा अंगठा टेकून टेकून एक काळा डाग पडला होता. तो निघाला तेव्हा तिचा क्षणभर हात थांबला. पण भिंतीवर टांगलेला डाग तरी बाबांचा कुठे राहिला असता? तिने पुन्हा चिंच लावली.

विक्रांत आला. टेबलावर रीळ समईसारखं लखलखत होतं.

"काकू, ये क्या किया?"

"पाहुणे येणार म्हटल्यावर आमच्याकडे पितळ घासतात," हेमलता म्हणाली. "पेढा घे ना."

पेढा घेऊन विक्रांत गेला. जाताना दारात म्हणाला, "आता हे भंगारवाल्याला द्या, काका."

दार लागलं आणि सुधाकरराव फुटले. "लाखाचं वाटोळं केलंस! अक्कल आहे का? लाख रुपये, हेमा, एक लाख!"

हेमलताने पदराला हात पुसले. "खरंच लाखाचं होतं?"

"होतं म्हणजे? होतंच! पंच्याऐंशी रुपयांचं सोनं काढ ना तू!"

"मग राजाचे पन्नास झाले. चार दिलेत, सेहेचाळीस राहिले." तिने टेबलावरचा त्यांचा मोबाईल उचलून त्यांच्यापुढे धरला. "लावा फोन. स्पीकरवर लावा. तुम्ही कुणाची पै ठेवत नाही ना?"

सुधाकररावांनी मोबाईलकडे पाहिलं, रिळाकडे पाहिलं. कपाळावरचा चष्मा हळूच नाकावर उतरला.

"तसं नाही," ते म्हणाले. "महागाईने धरलं तर आठच हजार होतात."

"मग ओरडताय कशाला?"

तिने रिळाची मूठ फिरवली. ते करकर वाजलं, पवईला वाजायचं तसंच.